पावसाळ्यात उभ्या राहिलेल्या ट्रॅक्टरचा क्लच अडकला तर काय करावे?



पाऊस उघडतो, काळ्या रानाला वाफसा येतो आणि जुलैपासून छपरात उभा असलेला जुना ट्रॅक्टर आपल्याला आठवतो. बॅटरी चार्ज करून आणतो, डिझेल घालतो, सेल्फ मारतो. इंजिन दोन-चार वेळा गुरगुरते आणि चालू होते. जीव भांड्यात पडतो. मग क्लच दाबून गिअर टाकायला जावे, तर खर्रर्र आवाज होतो आणि गिअर काही पडत नाही. पुन्हा दाबावे, पुन्हा तेच. यालाच आपण क्लच अडकणे, जाम होणे किंवा चिकटणे असे म्हणतो.

कोरडवाहू रब्बी ज्वारीची पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या महिन्याभरात उरकावी लागते. वाफसा काही आपली वाट बघत थांबत नाही. अशा वेळी मिस्त्री चार दिवसांनी येतो म्हणाला की माणूस घायकुतीला येतो आणि नको ते करून बसतो. रेडिओवरच्या आपल्या कार्यक्रमात या विषयावर बोलणे झाले, तेव्हा पुष्कळ श्रोत्यांनी ही माहिती छापून मागितली. म्हणून हे पत्रक.

पावसाळ्यात उभे राहून चिकटलेला क्लच पुष्कळदा ट्रॅक्टर न खोलता सुटतो. पण तो सोडवण्याआधी एक गोष्ट मनात पक्की ठसली पाहिजे. ती सांगण्यासाठी एका वस्तीवर घडलेला प्रकार सांगतो.

एका वस्तीवर काय घडले

माझ्या कामाच्या भागातली ही गोष्ट आहे. गाव आणि नाव सांगत नाही. दसऱ्याच्या आधी दोन दिवस एका शेतकऱ्याने तीन महिने उभा असलेला ट्रॅक्टर बाहेर काढायचे ठरवले. हँडब्रेक धरत नव्हता, म्हणून ट्रॅक्टर पहिल्या गिअरमध्ये टाकूनच उभा केलेला होता. चावीचा स्विच बिघडलेला. त्यामुळे रोजच्या सवयीने तो मागच्या चाकाजवळ जमिनीवर उभा राहिला आणि सेल्फच्या दोन नटांना पाना टेकवून इंजिन सुरू केले. त्याचा मुलगा तेवढ्यासाठीच सीटवर बसून क्लच दाबून होता.

इंजिन सुरू झाले आणि ट्रॅक्टर चालू लागला. मुलगा क्लचच्या पॅडलवर दोन्ही पायांनी उभा राहिला, तरी ट्रॅक्टर थांबेना. शेतकऱ्याने उडी मारली म्हणून पाय वाचला, नुसती चप्पल चाकाखाली गेली. इंजिन बंद करायचा स्टॉपर तुटलेला होता. ते काम पंपाजवळच्या एका तारेने चालायचे आणि ती तार फक्त बापाला माहीत होती. ट्रॅक्टरने कडब्याची गंजी ढकलली, गव्हाण फोडली, तिथे बांधलेल्या गाईचा पाय मोडला आणि मग भिंतीला अडून इंजिन बंद पडले. त्या भिंतीला टेकून घरातली म्हातारी रोज सकाळी शेंगा फोडत बसायची. त्या दिवशी ती उठून पाणी प्यायला गेली होती.

मी दुपारी तिथे पोचलो, तेव्हा मुलगा एकच वाक्य सारखे म्हणत होता, “साहेब, मी क्लच दाबला होता.”

त्याने दाबला होता, हे खरेच होते. पण चिकटलेला क्लच दाबून ट्रॅक्टर थांबत नाही. हीच ती मनात ठसवायची गोष्ट.

क्लचचे काम काय?

बैलगाडी थांबवायची तर आपण कासरा ओढतो आणि बैल थांबतात. ट्रॅक्टरचे इंजिन हा असा बैल आहे, की प्रत्येक वेळी थांबवला तर पुन्हा उठवायला सेल्फ मारावा लागतो. म्हणून बैल चालतेच ठेवून जू तेवढे मानेवरून उतरवायची सोय केलेली असते. ती सोय म्हणजे क्लच.

इंजिनच्या मागच्या टोकाला फ्लायव्हील हे जड चाक असते. त्याच्यामागे क्लच प्लेट आणि तिच्यामागे प्रेशर प्लेट. क्लच प्लेटच्या दोन्ही अंगांना घर्षणाचे अस्तर बसवलेले असते. प्रेशर प्लेटच्या जोरकस स्प्रिंगा ही प्लेट फ्लायव्हीलवर घट्ट दाबून धरतात, म्हणून इंजिनची ताकद गिअरबॉक्सकडे जाते. आपण पॅडल दाबले की आतले रिलीज बेअरिंग पुढे सरकते, प्रेशर प्लेटची बोटे दाबली जातात, प्रेशर प्लेट मागे होते आणि मधली प्लेट मोकळी होते. जू उतरले.

आता फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट बिडाच्या असतात. पावसाळी हवेतला दमटपणा अस्तरात मुरतो. ट्रॅक्टर महिनोन्महिने एका जागी उभा, स्प्रिंगांचा दाब कायम. मग बिडाला गंज चढतो आणि तो गंज अस्तराला धरून बसतो. पॅडल दाबल्यावर प्रेशर प्लेट मागे जाते, पण क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटलेलीच राहते. कधी प्लेटच्या मधल्या खाचा शाफ्टवर गंजतात आणि प्लेट जागची सरकत नाही. परिणाम एकच. पॅडल खाली गेले, पण जू मानेवरच राहिले.

खरोखर क्लचच चिकटला आहे का?

घाईने निदान करू नये. आधी स्वतःला एक प्रश्न विचारा: क्लच उभ्याने अडकला की कामात अडकला? मागच्या वेळी ठीक चालणारा ट्रॅक्टर दोन-तीन महिने उभा राहिला आणि मग गिअर पडेना, तर गंजाने चिकटल्याचा संशय घ्यावा. नांगरट चालू असता अचानक किंवा हळूहळू बिघाड झाला असेल, तर काहीतरी तुटले, झिजले किंवा ढिले झाले आहे. तिथे खालचे उपाय लागू पडत नाहीत. मिस्त्रीलाच बोलवावे.

संशय आला की पुढील तपासणी इंजिन बंद ठेवूनच करा. चाकांना पुढून-मागून उटी लावा.

१. पॅडलचा मोकळा खेळ पाहा. पॅडल हाताने हळूच दाबले असता सुरुवातीला काही अंतर ते विनाजोर खाली जाते, तो मोकळा खेळ. बऱ्याच जुन्या ट्रॅक्टरांत तो साधारण २० ते ३० मिलिमीटर, म्हणजे इंचभर असतो. नेमका आकडा आपल्या ट्रॅक्टरच्या माहितीपुस्तकात पाहावा. खेळ फार वाढला असेल, तर पॅडल तळाला टेकूनही क्लच पुरता सुटत नाही. अशा वेळी रॉडची लांबी जुळवली की काम भागते.

२. पॅडलपासून आत जाणारे रॉड, पिना आणि फोर्क पाहा. पिना झिजून भोके लांबट झालेली असतात किंवा फोर्कचा बोल्ट ढिला असतो.

३. क्लच हाऊसिंगच्या बाजूला किंवा खाली तपासणीची खिडकी असते. तिचे झाकण काढा आणि बॅटरीच्या उजेडात आत पाहा. दुसऱ्या माणसाला पॅडल दाबायला सांगा. हात किंवा बोटे आत घालू नका. बेअरिंग पुढे सरकून प्रेशर प्लेटची सर्व बोटे सारखी दाबली जात असतील, तर जोडणी ठीक आहे आणि प्लेटच चिकटली आहे. बोटे हलतच नसतील, तर दोष बाहेरच्या जोडणीत आहे. एखादे बोट मोडलेले किंवा वरखाली दिसले, तर प्रेशर प्लेटचे काम निघाले.

४. शेवटी सपाट जागी उट्या काढा, स्टॉपर ओढून ठेवा, गिअर टाका, पॅडल पूर्ण दाबा आणि तिघाचौघांना ट्रॅक्टर ढकलायला सांगा. क्लच ठीक असेल तर ट्रॅक्टर सहज सरकेल. चिकटला असेल तर तो इंजिनला धरून अडेल.

ज्या ट्रॅक्टरला दुहेरी क्लच आहे, त्याचे पॅडल अर्धे दाबले की चाल सुटते आणि पूर्ण दाबले की पीटीओ सुटतो. गिअर नीट पडतात पण पीटीओ थांबत नाही, असे झाले तर दुसरी प्लेट चिकटली असे समजावे. हे काम मिस्त्रीकडेच द्यावे.

सुरू करण्याआधीची तयारी

क्लच चिकटला म्हणजे कासरा हातातून गेला. आता ट्रॅक्टर थांबवायला दोनच गोष्टी उरल्या: इंजिन बंद करणारा स्टॉपर आणि ब्रेक. त्या धड नसतील तर सेल्फला हात लावू नये. ही तयारी वगळू नका.

• ट्रॅक्टर न्यूट्रलमध्ये टाका आणि माणसांनी ढकलून छपराबाहेर मोकळ्यावर आणा. छपरात इंजिन चालवू नका. तिथे धूर कोंडतो आणि तो विषारी असतो.
• न्यूट्रलमध्ये, सीटवर बसून इंजिन सुरू करा आणि स्टॉपर ओढून बघा. इंजिन लगेच बंद झाले पाहिजे. होत नसेल तर आधी केबल दुरुस्त करा, बाकी सारे नंतर.
• डावा आणि उजवा असे दोन्ही ब्रेक तपासा आणि दोन्ही पॅडले जोडपट्टीने एकत्र करा. एकच ब्रेक लागला तर ट्रॅक्टर गरकन वळून उलटतो.
• नांगर, रोटाव्हेटर, ट्रॉली, सारे सोडून ठेवा. पीटीओ सुटा करा.
• मडगार्डवर कोणी बसू नये. मुले, म्हातारी माणसे आणि जनावरे लांब ठेवा. एक जाणता माणूस बाजूला उभा करा, ट्रॅक्टरच्या पुढे किंवा मागे नाही.

सोडवण्याच्या तीन पायऱ्या

सोप्यापासून सुरुवात करावी. पहिल्या पायरीने काम झाले तर दुसरीकडे जाऊ नये.

पहिली पायरी: टेकू आणि हेलकावा

इंजिन बंद, गिअर न्यूट्रल. पॅडल पूर्ण दाबा आणि पॅडल ते सीटचा सांगाडा यांच्यामध्ये मजबूत लाकडाचा टेकू बसवा. तो निसटू नये म्हणून दोरीने बांधा. रात्रभर, जमल्यास दोन रात्री तसेच राहू द्या. तपासणीची खिडकी उघडी ठेवा, म्हणजे आत हवा खेळेल. ऊन असेल तर ट्रॅक्टर उन्हात ठेवा. कधी कधी एवढ्यानेच प्लेट सुटते.

न सुटल्यास टेकू तसाच ठेवून बॅटरीची तार काढा, स्टॉपर ओढून बांधून ठेवा आणि ट्रॅक्टर सर्वांत वरच्या गिअरमध्ये टाका. स्टॉपर ओढायला विसरू नका, कारण डिझेल इंजिन बॅटरीवाचूनही नुसत्या ढकलण्याने सुरू होऊ शकते. आता सपाट जागी चार-पाच जणांनी ट्रॅक्टर पुढे-मागे झुलवावा, मातीत रुतलेली गाडी काढताना झुलवतो तसा. सीटवर एक जण ब्रेकवर पाय ठेवून बसलेला असावा. वरचा गिअर अशासाठी की, चाकावर लावलेल्या तेवढ्याच जोराचा क्लचवर ताण जास्त येतो. हात टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये घालू नका. पंचवीस-तीस हेलकावे द्या. प्लेट सुटली की ट्रॅक्टर एकदम हलका होऊन सरकतो, ते हाताला कळते.

दुसरी पायरी: ऊब

टेकू काढा, बॅटरी जोडा, स्टॉपर सोडा, गिअर न्यूट्रल आहे याची दोनदा खात्री करा आणि सीटवरून इंजिन सुरू करा. हातरेस मध्यम ठेवून अर्धा तास चालू द्या. इंजिन तापले की फ्लायव्हीलला ऊब पोचते, धातू प्रसरण पावतो आणि गंजाची पकड ढिली होते. मग पॅडल पूर्ण दाबून रेस वाढवा आणि एकदम सोडा. असे आठ-दहा वेळा करा. पॅडल एका वेळी अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त दाबून धरू नका, नाहीतर रिलीज बेअरिंग जळेल. मग इंजिन बंद करा, पॅडलला पुन्हा टेकू द्या आणि ट्रॅक्टर पूर्ण थंड होऊ द्या. तापणे आणि निवणे असे दोन-तीनदा करावे. याला सबंध दिवस जातो, पण पैसा जात नाही आणि धोकाही जवळजवळ नाही.

तिसरी पायरी: मोकळ्या रानातली चाल

ही पायरी अनुभवी चालकानेच करायची. विहीर, बांध, नाला, विजेचा खांब जवळ नाही असे सपाट, मोठे रान पाहिजे. रस्त्यावर हे करू नये. ज्या ट्रॅक्टरला गिअरमध्ये असताना सेल्फ न लागण्याची सोय आहे, तिथे ती सोय चुकवून हा उपाय करू नका. मिस्त्रीला बोलवा.

इंजिन आधी न्यूट्रलमध्ये तापवून बंद करा. पुढची चाके सरळ ठेवा. मधला गिअर टाका, रोडचा नको. हातरेस सर्वांत कमी. सीटवर नीट बसून क्लच पूर्ण दाबा, एक हात स्टेअरिंगवर ठेवा आणि सेल्फ मारा. इंजिन सुरू होताच ट्रॅक्टर चालू लागेल. तो चालणारच आहे हे धरूनच बसा, म्हणजे दचकणार नाही. इंजिन धरले की मोकळा हात स्टॉपरजवळ न्या.

सरळ रेषेत चालताना क्लच दाबलेलाच ठेवा. रेस थोडी वाढवा, एकदम कमी करा, पुन्हा वाढवा. पाच-सात वेळा असे केल्यावर रेस कमी करून जोडलेले ब्रेक दोन-तीन सेकंद दाबा आणि सोडा. इंजिन दमून बंद पडू लागले की ब्रेक सोडावा. प्लेट सुटली की ट्रॅक्टर ब्रेकवर थांबेल आणि इंजिन मात्र मोकळे चालू राहील. तेव्हा गिअर न्यूट्रल करून थांबा.

रानाचे टोक जवळ आले आणि क्लच सुटला नाही, तर वळण्याच्या भानगडीत पडू नका. स्टॉपर ओढा, ब्रेक दाबा, थांबा. माणसांनी ढकलून तोंड फिरवा आणि पुन्हा प्रयत्न करा. तीन खेपांत न सुटल्यास नाद सोडावा.

हे कधीही करू नका

१. जमिनीवर उभे राहून पान्याने किंवा पेचकसाने सेल्फ जोडू नका. ट्रॅक्टर गिअरमध्ये असला आणि क्लच चिकटलेला असला, तर आपण मागच्या चाकाच्या वाटेतच उभे असतो. चावीचा स्विच बदलायला खर्च किती आणि पाय गेल्यावर किती, याचा हिशेब आपणच करावा.

२. ट्रॅक्टर साखळीने झाडाला बांधून किंवा मागची चाके अडवून जोर लावू नका. मागची चाके फिरू शकली नाहीत की इंजिनचा जोर ट्रॅक्टरचे तोंड वर उचलतो. ट्रॅक्टर घोड्यासारखा मागे उलटतो आणि चालक खाली सापडतो. उडी मारायलाही वेळ मिळत नाही. जुन्या ट्रॅक्टरांना संरक्षक सांगाडाही बहुधा नसतो.

३. मागची चाके जॅकवर उचलून, गिअरमध्ये फिरवून एकदम खाली सोडू नका. चाके टेकताच ट्रॅक्टर झेप घेतो.

४. दुसऱ्या ट्रॅक्टरने किंवा ट्रकने ओढून झटके देऊ नका. साखळी तुटली तर गोळीसारखी येते.

५. खिडकीतून डिझेल, रॉकेल किंवा ऑइल ओतू नका. अस्तर तेल पिते. प्लेट सुटली तरी पुढे ओझ्याखाली घसरत राहते आणि शेवटी नवी घालावीच लागते. पेट्रोल ओतणे म्हणजे आगीला निमंत्रण.

६. हाऊसिंगवर घण मारू नका, बीड तडकते. पेचकस घालून प्लेट उचकटू नका, ती वाकते.

क्लच सुटल्यानंतर

सुटला म्हणून लगेच नांगर जोडू नये. प्लेटवर गंजाचा थर अजून असतो. मोकळ्या रानात वरच्या गिअरमध्ये, कमी रेसवर, क्लच सावकाश सोडत आठ-दहा वेळा ट्रॅक्टर उचला. प्रत्येक खेपेला मध्ये मिनिटभर थांबा, म्हणजे प्लेट तापणार नाही. घर्षणाने गंज निघून जातो. मग मोकळा खेळ पुन्हा मोजा. पहिल्या दिवशी हलकेच काम घ्यावे. ट्रॅक्टर झटके देत उचलत असेल, ओझ्याखाली इंजिन पळते पण चाल वाढत नसेल, किंवा जळका वास येत असेल, तर अस्तर खराब झाले आहे असे समजावे.

नाहीच सुटला तर

मग ट्रॅक्टर मधोमध खोलून इंजिन आणि गिअरबॉक्स वेगळे करावे लागते. हे घरगुती काम नव्हे. मिस्त्री काम करीत असता आपण जवळ उभे राहून पुढील गोष्टी पाहाव्यात.

पुढचा आस खिळीवर डुलतो, म्हणून खोलण्याआधी आसाच्या दोन्ही बाजूंना लाकडी पाचरी मारल्या पाहिजेत, नाहीतर सुटे झालेले इंजिन कलंडते. आधार लोखंडी स्टँडचे असावेत, विटा-दगडांचे नकोत.

जुन्या प्लेटच्या अस्तरात अ‍ॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते. त्याची धूळ फुप्फुसात जाऊन वर्षांनंतर गंभीर आजार होतात. म्हणून ती हवेच्या नळीने उडवू नये, तोंडाने फुंकू नये. ओल्या फडक्याने टिपावी आणि फडके पिशवीत बांधून टाकावे.

एवढे खोललेच आहे, तर प्लेटबरोबर रिलीज बेअरिंग, फ्लायव्हीलमधले छोटे पायलट बेअरिंग आणि इंजिनचे मागचे ऑइल सील तपासून घ्यावे. पुन्हा खोलण्याची मजुरी वाचते. बदललेले भाग मिस्त्रीकडून मागून घ्यावेत.

सुटे भाग आणताना जुनी प्लेट सोबत न्यावी. व्यास, मधल्या खाचांची संख्या आणि जाडी जुळवून घ्यावी. जुन्या ट्रॅक्टरांच्या बाबतीत हे विशेष महत्त्वाचे आहे. उदाहरणार्थ, एचएमटीने १९७१ साली झेटर २५११ पासून ट्रॅक्टर बनवायला सुरुवात केली आणि तो ट्रॅक्टर विभाग बंद करण्याचा निर्णय २०१६ साली झाला. अशा ट्रॅक्टरचे भाग नुसत्या नावावर मागितले तर चुकीचे हाती पडण्याचा संभव असतो.

पुन्हा चिकटू नये म्हणून

• पावसाळ्यात ट्रॅक्टर उभा करताना पॅडल दाबून लाकडाचा टेकू द्यावा. काही ट्रॅक्टरांना त्यासाठी आकडा दिलेला असतो. प्लेटवर दाब राहिला नाही की ती चिकटण्याची भीती पुष्कळ कमी होते. टेकू दिल्याची खूण म्हणून स्टेअरिंगला फडके बांधावे.
• दर आठ-दहा दिवसांनी टेकू काढून इंजिन सुरू करावे, क्लच पंधरा-वीस वेळा दाबावा आणि ट्रॅक्टर चार पावले पुढे-मागे न्यावा.
• ट्रॅक्टर धुताना पाण्याचा फवारा हाऊसिंगच्या खिडकीवर मारू नये. धुतल्यावर लगेच उभा न करता थोडा चालवून मग ठेवावा.
• हाऊसिंगच्या तळाला पाणी आणि ऑइल बाहेर पडायला भोक असते. त्यातली सैल पिन अधूनमधून हलवून भोक मोकळे ठेवावे. कोकणात आणि भंडारा-गोंदियाकडे भाताच्या चिखलणीसाठी काही ट्रॅक्टरांना तिथे बूच बसवतात. चिखलणी संपली की ते आठवणीने काढावे, नाहीतर आत गेलेले पाणी आतच राहते.
• चालवताना क्लचवर पाय ठेवून बसू नये. पॅडल ही पाय ठेवायची पायरी नव्हे.
• गिअरमध्ये टाकून ट्रॅक्टर उभा करण्याची वेळ येऊ नये, म्हणून हँडब्रेक दुरुस्त ठेवावा.

श्रोत्यांचे दोन प्रश्न

एका श्रोत्याने विचारले आहे की, क्लच चिकटला असताना गिअरमध्ये सुरू करून पेरणी उरकून घेतली तर चालेल का? नाही. प्रत्येक वळणावर, प्रत्येक बांधावर क्लच लागतो. पेरणी यंत्राच्या मागे माणूस चालत असतो. दोन दिवस उशीर झाला तर ओल थोडी कमी होईल. माणूस गेला तर तो परत येत नाही.

दुसऱ्या श्रोत्याने विचारले आहे की, टेकू महिनोन्महिने दिला तर स्प्रिंगा खराब होत नाहीत का? वर सांगितल्याप्रमाणे दर आठ-दहा दिवसांनी टेकू काढून क्लच चालवला, तर काळजीचे कारण नाही.

आता शेवटचे. ज्या वस्तीची गोष्ट सुरुवातीला सांगितली, तिथे मी पुढच्या महिन्यात पुन्हा गेलो. क्लच पहिल्याच पायरीने, दोन रात्रींच्या टेकूने आणि हेलकाव्यांनी सुटला होता. चावीचा नवा स्विच बसला होता. स्टॉपरची नवी केबल घातली होती आणि तिच्या मुठीला लाल फडके बांधलेले होते. त्या शेतकऱ्याने घरातल्या प्रत्येकाला, बायकोला, सुनेला, शाळेत जाणाऱ्या नातवालाही, ते फडके ओढायला शिकवले होते. म्हातारी मला म्हणाली, “साहेब, मला ट्रॅक्टरातलं काही कळत नाही, पण लाल चिंधी ओढायची एवढं कळतं.”

बंधू-भगिनींनो, तुमच्या ट्रॅक्टरच्या स्टॉपरलाही आजच एक लाल फडके बांधा आणि घरातल्या सर्वांना ते दाखवा. हे पत्रक घडी करून कपाटात ठेवू नका, ट्रॅक्टरच्या छपरात खिळ्याला अडकवून ठेवा.

रब्बीची पेरणी चांगली साधो. राम राम.

— आपला, कृषी विस्तार अधिकारी